आधी आपली जोडणी

इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातले गिल्बर्ट ब्रिग्ज हे मूळचे कापड-व्यवसायातील गृहस्थ. १९३२ साली इल्कली गावी आपल्या घराच्या तळघरात त्यांनी लाउडस्पीकर बनविला आणि त्यातूनच ‘व्हार्फडेल’ ही विख्यात कंपनी उभी राहिली. आमचाही धंदा कापडाचाच. ही हकीकत कन्येला सांगितली, तेव्हा तिने हट्टच धरला, ‘‘बाबा, आपणही स्पीकर घरीच बनवू या.’’

दिवाळीच्या सुट्टीत किट मागविले. प्रत्येक पेटीसाठी खर्जाचा वूफर, वरच्या स्वरांचा ट्वीटर, या दोहोंत ध्वनीची वाटणी करणारा क्रॉसओव्हर आणि मापात कापलेल्या एमडीएफच्या फळ्या. पेटीचे आकारमान वूफरच्या गुणधर्मांवरून ठरलेले असते; ते बदलू नये आणि सांध्यांतून हवा गळू देऊ नये. कन्येने सांधे काळजीपूर्वक चिकटविले. तारांचे सोल्डरिंग मी केले.

चौथ्या दिवशी तबल्याचे ध्वनिमुद्रण लावले. डग्ग्याचा घुमारा जणू हरवलाच होता! मी तत्काळ विक्रेत्यास दूरध्वनी करून ‘‘माल खोटा आहे’’ असे खडसावले. ‘‘परत पाठवा, शेठजी,’’ एवढेच तो शांतपणे म्हणाला.

कन्या मात्र स्पीकर आळीपाळीने वाजवून पाहत होती. एकेकटा लावला तर खर्ज भरीव. दोन्ही एकत्र लावताच क्षीण. तिने दीड व्होल्टचा सेल आणून त्याचे धन टोक लाल टर्मिनलला व ऋण टोक काळ्या टर्मिनलला तारेने क्षणभर टेकविले. एका वूफरचा पडदा पुढे सरकला, दुसऱ्याचा मागे. एका पेटीत माझ्याच हातून लाल-काळ्या तारांची अदलाबदल झाली होती. एक पडदा हवा पुढे ढकलीत असता दुसरा ती मागे ओढीत होता. खर्ज परस्परांत विरून जात होता.

तारा बदलल्या आणि डग्गा घुमला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच पहिला दूरध्वनी विक्रेत्यास केला. कन्येच्या देखत क्षमा मागताना जीभ जड झाली. हिशेब जुळला नाही, तर दुसऱ्याच्या खात्यावर बोट ठेवण्यापूर्वी आपली खतावणी तपासावी, हे मी मुनीमजींना वर्षानुवर्षे सांगत आलो. स्वतःवर वेळ आली, तेव्हा विसरलो.

वाचकहो, किट आणाल तेव्हा एक सेलही आणून ठेवा. आणि दूरध्वनी उचलण्याआधी तो टेकवून पाहा.