‘त्याला कळवू नका!’

सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांत अशी गावे पुष्कळ आहेत, की जिथे घरटी एक तरी माणूस सैन्यात आहे किंवा होऊन गेला आहे. सातारा तालुक्यातील अपशिंगे या गावाच्या नावामागे तर ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला आहे; पहिल्या महायुद्धात या एका गावातील ४६ जवान कामी आले. अशा गावांतून मुलाला निरोप देताना आई डोळ्यांत पाणी येऊ देत नाही. ही रीत पिढ्यान्पिढ्यांची. घरात आजारपण आले की हमखास उच्चारले जाणारे वाक्य याच रीतीतून जन्मले आहे : ‘त्याला कळवू नका, तो तिकडे काळजी करत बसेल.’ ताप, मोडलेला हात, बांधावरचे भांडण यांच्या बाबतीत हे शहाणपणाचेच. कर्करोगाच्या बाबतीत मात्र तो मुलावर आणि आईवर, दोघांवरही अन्याय आहे.

लपवण्याची सुरुवात बहुधा आईच करते. वर्षानुवर्षे मिश्री लावून तोंडात उठलेला चट्टा किंवा स्तनातली न दुखणारी गाठ ती महिनोन्‌महिने कुणाला दाखवत नाही. पुढे निदान होते, आणि मग सारे घर मौन पाळते. दरम्यान मुलगा रजेवर येतो, घराचा स्लॅब टाकतो, बहिणीचे लग्न उरकतो आणि आनंदाने परततो. खरी बातमी त्याला कळते तेव्हा रजा संपलेली असते, आणि आजार मात्र बराच पुढे गेलेला असतो. ज्या मौनाला घर त्याग समजत होते, त्याने मुलाच्या हातातले दिवसच काढून घेतलेले असतात.

हे दिवस मोजून पाहावेत असेच आहेत. जवानाला वर्षाकाठी ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते. तीही सेवेच्या निकडीनुसार, हक्क म्हणून नव्हे. केमोथेरपी अनेकदा २१ दिवसांच्या अंतराने दिली जाते. सहा फेऱ्या म्हटल्या तरी चार महिने गेले. रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, असे पाच-सहा आठवडे चालते. म्हणजे सलग एकच रजा काढून हा आजार पार पडत नाही. परंतु उपचाराचा आराखडा आरंभीच हाती असेल, तर शस्त्रक्रियेला १५ दिवस, पहिल्या केमोला १० दिवस अशी रजेची विभागणी करता येते. एका ओळीच्या तारेवर धावत येण्याचा काळ केव्हाच मागे पडला. रुग्णालयातील डॉक्टरांचे पत्र आजाराची अवस्था आणि पुढील तारखा यांसह पलटणीत पोहोचले, तर वरिष्ठांनाही निर्णय घेणे सोपे जाते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो क्षुल्लक नाही. हाती शस्त्र असलेल्या माणसाचे चित्त विचलित करावे काय? एप्रिल १९८४ मधील ‘ऑपरेशन मेघदूत’पासून सियाचीनवर भारतीय जवान उभा आहे. तेथील चौकीवरून खाली उतरणे त्याच्या इच्छेवर नव्हे, तर हवामानावर अवलंबून असते. अशा ठिकाणी बातमी कोणत्या वेळी, कोणाच्या तोंडून द्यावी, याचा विवेक हवाच. ती आधी त्याच्या अधिकाऱ्याच्या कानावर घालणे केव्हाही उत्तम. पण बातमी मुळी पोहोचणारच नाही, हा भ्रम आहे. २०२३ साली सियाचीनच्या अग्रवर्ती भागातही मोबाइलचा मनोरा उभा राहिला. पत्नीचा आवाज बदललेला जवानाला ऐकू येतो, आई फोनवर का येत नाही हे तो विचारतो, आणि अर्धवट उत्तरांवर रात्र काढतो. पूर्ण सत्याने माणूस एकदा हादरतो, पण मग सावरतो. अर्धवट सत्य त्याला सावरूही देत नाही.

या साऱ्यात जिचा उल्लेख कोणत्याच सत्कारात होत नाही, ती म्हणजे जवानाची पत्नी. सासूला घेऊन पहाटेची एस.टी. धरणारी, परळच्या टाटा रुग्णालयात केसपेपर सांभाळत रांगेत बसणारी, आणि रात्री नवऱ्याला ‘सगळे ठीक आहे’ म्हणून सांगणारी ती असते. मुलांची शाळा गावाकडे, ती मुंबईत. गावात २६ जुलैला कारगिल विजय दिनाची मिरवणूक निघते, भाषणे होतात, शाल-श्रीफळ दिले जाते. ते अवश्य व्हावे. पण त्याच जवानाच्या आईच्या पुढच्या तारखेला तिच्यासोबत मुंबईला कोण जाणार, हा प्रश्न मिरवणुकीतल्या किती जणांना पडतो?

वस्तुतः समाजाने आधार उभा केलेला आहेच. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन येथे परगावच्या रुग्णांना व नातेवाइकांना आसरा मिळतो. उणीव आहे ती गावापासून तिथवरच्या सोबतीची. निवृत्त सैनिकांकडे वेळ आहे, शिस्त आहे, आणि दफ्तरी भाषाही त्यांना अवगत आहे. २१ दिवसांतून एक दिवस, चौघांनी वाटून घेतला तर कुणावरच भार पडत नाही.

कागदपत्रांची गोष्ट रुक्ष असली तरी टाळता येणारी नाही. आई-वडिलांची नावे अवलंबित म्हणून जवानाच्या सेवा-अभिलेखात नोंदलेली असतील आणि त्यांचे उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असेल, तर लष्करी रुग्णालयांत त्यांच्यावर उपचार होऊ शकतात. पुण्याच्या कमांड हॉस्पिटलमध्ये कर्करोगाचा स्वतंत्र विभाग आहे. अनेक घरांत ही नोंद झाली आहे की नाही, हे आजारपण आल्यावरच तपासले जाते. अनुकंपा तत्त्वावर घराजवळ बदली मागण्याचीही तरतूद आहे. पण तो अर्ज जवानालाच पलटणीमार्फत करावा लागतो. ज्याला आईचा आजारच ठाऊक नाही, तो अर्ज कशाचा करणार?

आणि एवढे करूनही काही वेळा तो पोहोचत नाही. लेहचे विमान हवामानामुळे उडत नाही, इकडे अंगणात माणसे जमलेली असतात, आणि कुजबूज सुरू होते, की पोटचा पोर शेवटच्या पाण्यालाही आला नाही. ती कुजबूज तिथल्या तिथे थांबवण्याचे काम गावातल्या वडीलधाऱ्यांचे आहे. अग्नी मुलीने द्यावा, सुनेने द्यावा. आणि आईचे अखेरचे महिने कसे गेले, ती काय बोलली, काय खाल्ले, सोबत कोण होते, हे सारे त्याला नंतर बसवून, सावकाश, काही न गाळता सांगावे.