वीज कंपनी परदेशी गेली, तोटा कोणाच्या अंगावर?

२००५ साली आपल्या वीज मंडळाची वाटणी झाली. महावितरणचे नाव तेव्हापासून शेतकऱ्यांच्या तोंडी बसले, पण तिच्या डोक्यावरची सूत्रधारी कंपनी फारशी कुणाला ठाऊक नाही. ही कंपनी स्वतः तारा ओढत नाही, खालच्या कंपन्यांचे शेअर्स धरून बसते. अमेरिकेत ही पद्धत जुनी आहे, आणि तिथल्या जीपीयू कंपनीची हकिकत बिल भरणाऱ्याने ऐकावी अशी आहे.

न्यू जर्सी व पेनसिल्व्हेनिया या राज्यांत जीपीयूच्या तीन वीज कंपन्या होत्या. १९७९ साली थ्री माइल आयलंडच्या ज्या अणुभट्टीत अपघात झाला, ती यांचीच. सूत्रधारी कंपन्यांवर तिथे १९३५ च्या कायद्याचा चाप होता. १९९२ साली तो ढिला झाला आणि परदेशाची वाट मोकळी झाली. मग जीपीयूने १९९६ मध्ये भागीदारीत इंग्लंडची मिडलँड्स इलेक्ट्रिसिटी घेतली, पुढे ऑस्ट्रेलियात वीजवाहिन्या, आणि १९९९ मध्ये अर्जेंटिनातली एम्देर्सा.

इकडे घरचे काय? वीजनिर्मितीची केंद्रे १९९९ च्या सुमारास विकून टाकली. गिऱ्हाइकांचे दर मात्र सरकारी मर्यादेने बांधलेले. २००० साली बाजारात वीज महागली. म्हणजे विहीर विकली, पण ठरल्या दराने पाणी द्यायचा करार अंगावर तसाच राहिला! २००१ च्या अखेरीस जीपीयू फर्स्टएनर्जी या कंपनीत विलीन झाली.

अर्जेंटिनाची गोष्ट तर आणखी बोलकी. तिथे एक पेसो म्हणजे एक डॉलर, असे कायद्यानेच ठरलेले होते. जानेवारी २००२ मध्ये ते मोडले, पेसो घसरला आणि विजेचे दर पेसोतच गोठवले गेले. सॅन लुइस, ला रियोहा, साल्ता या प्रांतांतल्या लोकांना दिलेल्या विजेचे पैसे पेसोत यायचे. मालकाचा हिशेब डॉलरचा. २००३ मध्ये फर्स्टएनर्जीने एम्देर्सातले शेअर्स चक्क सोडून दिले.

आता दाभोळ आठवा. तिथेही परदेशी कंपनी, तिथेही डॉलर. पण करारात दराचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला असल्याने रुपया घसरला की बोजा यायचा तो आपल्या वीज मंडळावर, वर राज्य सरकारची हमी. २००१ मध्ये मंडळाने करार मोडला, तेव्हा प्रकल्प बंद पडला. एकच जात्याचा दगड, पण दाणे कुणाचे भरडायचे ते कागदावर ठरते.

दरवाढीपूर्वी वीज नियामक आयोग हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो. तिथे गावातर्फे कुणी गेलेच, तर दर किती वाढला एवढेच विचारून परतू नये. कोणता खर्च, कोणत्या कराराने आपल्या बिलात आला, तेवढे लेखी मागावे.