उपडे ठेवलेले पुस्तक

पांढुर्ण्याला आमच्याकडे पाहुणे आले की काका चित्रांचे एक पुस्तक उपडे ठेवतात. वासुदेव गायतोंडे यांची अमूर्त चित्रे त्यांना चालतात. उमेदवारीतली नग्न रेखाटने नकोत! मला हे पटत नाही. गायतोंडे १९२४ मध्ये जन्मले ते इथून जवळच, नागपुरात. १९४८ मध्ये त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची पदविका घेतली. मॉडेल समोर बसवून रेखाटणे हा तिथला अभ्यासच. पाठीचा बाक एका रेषेत धरताना काय गाळावे, हे हाताला कळते. पुढे त्यांनी आकृतीच गाळली. आम्ही वाणिज्यवाले ताळेबंदाआधी रोजकीर्द मागतो. ती लपवणाऱ्या पेढीवर कोण विश्वास ठेवील? सौंसरची माझी मावसबहीण चित्रकला शिकायची म्हणते. पुस्तक तिला दिले आहे. काकांना अजून सांगितलेले नाही.