हजेरी, सहभाग आणि गणिताचा शिक्षक

शिक्षणाच्या प्रश्नावर आपली चळवळ बोलते तेव्हा ती बहुधा शुल्क, अनुदान, शिक्षकभरती आणि शाळा बंद करण्याचे धोरण यांविषयी बोलते. ते योग्यच आहे. परंतु वर्गात उभा राहणारा शिक्षक ज्या अध्यापक महाविद्यालयातून तयार होऊन येतो तेथे त्याला गुण कशाबद्दल दिले जातात, हा प्रश्न आपण तज्ज्ञांचा म्हणून सोडून दिला आहे. वस्तुतः तो वर्गीय प्रश्न आहे, आणि गणिताच्या शिक्षकाच्या बाबतीत तर विशेषच. पाचवी-सहावीत अपूर्णांकापाशी अडलेला शेतमजुराचा मुलगा खासगी शिकवणी विकत घेऊ शकत नाही. त्याच्या वाट्याला जे काही गणित यायचे ते त्या एकाच गुरुजींकडून.

कागदावरचे नियम वाईट नाहीत. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमावलीने बी. एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला, वर्षाला किमान 200 कामाचे दिवस ठरवले, तासिका व प्रात्यक्षिकांना 80 टक्के आणि शाळेतील छात्रसेवाकालाला 90 टक्के हजेरी सक्तीची केली. छात्रसेवाकाल एकूण 20 आठवड्यांचा. लेखी विषयांतही 20 ते 30 टक्के गुण अंतर्गत मूल्यमापनाकडे सोपवले. हे सारे ज्या पार्श्वभूमीवर घडले तिच्या केंद्रस्थानी महाराष्ट्र होता, हे विसरता कामा नये. राज्यातील 291 अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यातून न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला, आणि 2012 च्या आपल्या अहवालात आयोगाने देशातील सुमारे 90 टक्के अध्यापक शिक्षण संस्था खासगी क्षेत्रात असल्याचे नोंदवले.

या एका आकड्यात पुढची सारी कथा सामावलेली आहे. विनाअनुदानित महाविद्यालय शुल्कावर जगते. जागा रिकामी राहिली तर प्राध्यापकाचा पगार थकतो. अशा संस्थेच्या हाती हजेरीपट आणि अंतर्गत गुण देणे म्हणजे दुकानदाराच्या हाती वजनमापांचा शिक्का देणे होय. मग ‘न येता चालेल’ हीच संस्थेची जाहिरात होते. मागासवर्गीय विद्यार्थ्याचे शुल्क शासन शिष्यवृत्तीतून भरते. म्हणजे न झालेल्या तासिकांची किंमत सार्वजनिक तिजोरीतून चुकती होते. हिणकस नाणे चोख नाण्याला चलनातून हुसकावून लावते, असा ग्रेशॅमचा नियम अर्थशास्त्रात सांगितला जातो. तो गुणांनाही लागू पडतो. जे महाविद्यालय प्रामाणिकपणे 55 गुण देते त्याच्याकडे पुढच्या वर्षी कोण फिरकेल?

यावर उपाय म्हणून बाह्य परीक्षेचे नाव घेतले जाते. शिक्षक पात्रता परीक्षा राज्यात 2013 पासून आहे. 150 वस्तुनिष्ठ प्रश्न आणि 60 टक्क्यांची अट. तिचेही काय झाले ते सर्वांनी पाहिले. 2021 च्या डिसेंबरात गुणवाढीच्या प्रकरणात परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच अटक झाली. पण क्षणभर समजू की परीक्षा निष्कलंक आहे. तरीही पर्यायापुढचा गोल काळा करून गणिताच्या शिक्षकाची पारख होत नाही.

चिनी-अमेरिकन संशोधक लिपिंग मा यांनी 1999 साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात दोन्ही देशांतील प्राथमिक शिक्षकांना एक साधा प्रश्न विचारला होता : पावणेदोन भागिले अर्धा करा, आणि त्याला साजेशी एक गोष्ट सांगा. 72 चिनी शिक्षकांनी उदाहरण अचूक सोडवले. 23 अमेरिकी शिक्षकांपैकी निम्म्यांनाही ते नीट सोडवता आले नाही, आणि अर्थाच्या दृष्टीने बरोबर गोष्ट त्यांच्यापैकी केवळ एकाला रचता आली. अनेकांनी अर्ध्याने भागणे आणि दोघांत वाटणे यांची गल्लत केली. गंमत अशी की चिनी शिक्षकांचे औपचारिक शिक्षण अमेरिकी शिक्षकांपेक्षा कमी वर्षांचे होते. पदवी त्यांच्याकडे नव्हती. पावकी, निमकी, दिडकी घोकलेल्या आपल्या पिढ्यांना हा प्रश्न सोपा वाटेल. पावणेदोन भाकरी आहेत, प्रत्येकाला अर्धी द्यायची, तर किती जणांचे भागेल? साडेतीन. पण हे ‘साडे’ म्हणजे अर्धी भाकरी नव्हे, अर्ध्या माणसाचा वाटा, म्हणजे पाव भाकरी. हा पेच फळ्यापाशी उभे राहून, चुकून, सहाध्यायांचे आक्षेप ऐकूनच उकलतो. घरी बसून, तयार टाचणाची नक्कल करून तो उकलत नाही. म्हणूनच गणिताच्या अध्यापनवर्गात सहभागाला गुण असले पाहिजेत, ही मागणी आम्ही आग्रहाने मांडतो.

2019 साली दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आले तेव्हा विधिमंडळापासून वर्तमानपत्रांपर्यंत थट्टेला ऊत आला. मंगला नारळीकर आपली बाजू शांतपणे मांडत होत्या. मराठीत एकक आधी उच्चारला जातो आणि नंतर लिहिला जातो. मूल तेथे अडखळते की नाही, हे दुसरीच्या वर्गात बसून नोंदवता येण्यासारखे होते. छात्रसेवाकालातील हजारो तरुणांना ते काम देता आले असते. सहभाग याचा अर्थ आमच्या लेखी हा आहे.

मात्र येथे एक धोका आहे. ‘सहभाग’ म्हणजे वर्गात बोलणे, असा अर्थ घेतला की शहरी, इंग्रजी माध्यमातून आलेला वाचाळ विद्यार्थी पुढे जातो आणि धडगावहून आलेली, घरी भिलोरी बोलणारी मुलगी मागे पडते. मग गुण गणिताचे उरत नाहीत, उच्चारांचे होतात. तेव्हा गुण बोलण्याच्या संख्येला नकोत, बरोबर उत्तरालाही नकोत. मुलाने कोणती चूक केली, ती का केली असावी, त्यावर छात्राध्यापकाने पुढे काय विचारले, याच्या हस्तलिखित नोंदवहीला असावेत. पहिल्या खेपेस फसलेला पाठ पुन्हा घेण्याची मुभा असावी आणि गुण दुसऱ्या पाठाचे धरावेत. ज्याला चूक करण्याचा दंड भरावा लागला तो उद्या आपल्या वर्गातही दंडच वसूल करील.

आणि गैरहजर कोण राहतो? सारेच काही आळशी नसतात. तासिका तत्त्वावर शिकवून घर चालवणारा, पहाटे दूध घालणारा, कापूसवेचणीच्या हंगामात गावी जाणारा तरुणही त्यांत असतो. हजेरीची काठी उगारताना त्याच्या पोटाची सोय न करणे हा समाजवाद नव्हे. वैद्यकीय पदवीच्या आंतरवासितेला शासकीय महाविद्यालयात विद्यावेतन मिळते. 2024 च्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना 10,000 रुपये ठरवण्यात आले, आणि त्यातील कित्येकांना जिल्हा परिषदेच्या शाळांवरच पाठवले गेले. मग त्याच शाळेत 20 आठवडे घालवणाऱ्या छात्राध्यापकाने फुकट राबून वर शुल्क का भरावे? छात्रसेवाकालाला विद्यावेतन द्या. त्यानंतर 90 टक्के हजेरी मागण्याचा नैतिक अधिकार शासनाला येईल.

विद्यापीठांच्या अधिसभांवर पदवीधर व शिक्षक गटांतून आपले काही साथी निवडून गेले आहेत. अध्यापक महाविद्यालयांचे हजेरीपट, अंतर्गत गुण आणि लेखी परीक्षेतील गुण शेजारीशेजारी मांडून महाविद्यालयवार प्रसिद्ध करावेत, असा ठराव त्यांनी पुढच्याच बैठकीत आणावा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, विद्यापीठाकडे ही माहिती आहेच. ज्या महाविद्यालयात अंतर्गत गुण शिगोशीग आणि लेखी गुण काठावर, तेथील गणिताच्या नोंदवह्या शेजारच्या जिल्ह्यातील अध्यापकांनी तपासाव्यात. संस्थाचालकांचा विरोध होईल. त्यांच्यापैकी काही जण आपल्याच आघाडीतील मित्रपक्षांचे आहेत, हेही आम्हाला ठाऊक आहे.