बाटली एक, पेग दोन

‘दारू नाही हो, नुसती बिअर घेतली होती,’ हे वाक्य गल्लीतल्या परमिट रूममध्ये ऐकू येते, तसेच रुग्णालयाच्या अपघात विभागातही.

हिशेब इथेच चुकतो. स्ट्राँग बिअरमध्ये अल्कोहोल ८ टक्क्यांपर्यंत असते. म्हणजे ६५० मिलीच्या बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम. व्हिस्कीच्या ६० मिली पेगमध्ये ते सुमारे २० ग्रॅम भरते. एक बाटली म्हणजे दोन मोठे पेग!

‘सोबत खाल्लं की चढत नाही’ हा समजही अर्धाच खरा. पोटात अन्न असेल तर अल्कोहोल रक्तात सावकाश मिसळते. पण त्याचा निचरा यकृतच करते, तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम. लिंबूपाणी किंवा कॉफीने हा वेग वाढत नाही. उलट खारे शेंगदाणे, मसाला पापड तहान वाढवतात आणि दुसरी बाटली मागवली जाते. मग रात्री ११ ला उठलेल्या माणसाच्या रक्तात सकाळीही अल्कोहोल सापडू शकते. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल असताना गाडी चालवणे हा गुन्हा आहे.

अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. तरीही लोक पिणारच असतील, तर मेन्यूकार्डवर किमतीशेजारी अल्कोहोलचे ग्रॅम छापणे सरकारने सक्तीचे करावे. आणि पिणाऱ्याने गाडीची किल्ली घरीच ठेवून निघावे. पहिल्या बाटलीनंतर तो निर्णय नीट घेता येत नाही.