वखारीला मुदत किती?

वसईच्या पूर्वेला आमची जळाऊ लाकडाची वखार. बाप लाकूड फोडायचा, आय काट्यावर, मी उधारीच्या वहीवर. ओलं लाकूड वजनाला जास्त भरतं, पण बाप ते विकायचा नाही. नेणारी बाई चुलीपुढं रडेल म्हणायचा. असा धंदा! म्हणे शेट व्हायला निघालो होतो.

दोस्तांनो, १९२७ साली बाबासाहेब महाडला चवदार तळ्याचं पाणी प्याले. त्याच साली इंग्रजानं वन कायदा करून रानाला कुलूप घातलं. २००६च्या वनहक्क कायद्यात आदिवासीला झाडोऱ्याचा हक्क आहे. तरी तुंगारेश्वराखालची बाई आमच्या दारात मोळी टाकते ती चोरासारखी, इकडंतिकडं बघत.

आता धूर. जानेवारी २०२५मध्ये उच्च न्यायालयानं मुंबईच्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत इंधन बदला म्हणून सांगितलं. बदला ना! आयच्या छातीत तोच धूर बसलाय, त्याची आरती मी ओवाळणार नाही. पण मुदत भट्टीवाल्याला. लाकूड फोडणाऱ्याचं, मोळीवालीचं नाव कुठल्या कागदावर? दुसरं काम, भांडवल मागायला मोर्चा काढायचा तर आत्ताच काढा.

परवा रात्री एकजण मयताचं लाकूड न्यायला आला. जात विचारली नाही. पैसे मात्र काट्यावर ठेवले, हातात नाही.