विसावा आणि खाडा

विश्रांतीचा अर्थ शोधणारी मांडणशिल्पे हा अलीकडच्या कलाव्यवहाराचा एक लक्षणीय विशेष होय. नाविल्ड अकोस्ता व फॅनी सोसा या कलावंतांनी २०१८ मध्ये माद्रिद येथे आणि २०१९ मध्ये न्यूयॉर्क येथे सादर केलेले ‘ब्लॅक पॉवर नॅप्स’ हे त्याचे ठळक उदाहरण. येथे प्रेक्षकाने दूर उभे राहून कलाकृती न्याहाळावयाची नसते. निरनिराळ्या शय्यांवर आडवे होऊन तिच्यात शिरावयाचे असते. गुलामगिरीने कृष्णवर्णीयांची झोपही हिरावून घेतली आणि ती तूट अद्याप भरून निघालेली नाही, हे या रचनेमागील प्रतिपादन. अशा कृतीचा विचार मराठी समीक्षेने कोणत्या परिभाषेत करावा, हा खरा प्रश्न आहे.

‘विसावा’ हा शब्द सहज सुचतो. वारीच्या वाटेवरील पालखीच्या विसाव्यामुळे त्याला भावगर्भ अर्थवलय लाभले आहे. तथापि, विश्रांती ही श्रमानंतर आपोआप मिळणारी गोष्ट आहे, असे हा शब्द गृहीत धरतो. श्रमिकांच्या अनुभवातला शब्द निराळा आहे : ‘खाडा’. लातूर-बार्शी रस्त्यावरील मुरुडपासून पश्चिम महाराष्ट्रापर्यंत उसाच्या फडात पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. आजारपणाने वा बाळंतपणाने एखादा दिवस चुकला की तो खाडा होतो आणि त्याचा दंड उचलीच्या हिशेबात चढतो. २०१९ मध्ये शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. या शस्त्रक्रियांमागे अनेक कारणे होती. मासिक पाळीमुळे पडणाऱ्या खाड्याचे भय हे त्यांतील एक. विश्रांतीचे मोल येथे शरीराच्या अवयवाने चुकते झाले.

विश्रांती ही मागून, झगडून मिळवावी लागते, याची साक्ष महाराष्ट्राच्या इतिहासातही आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या वतीने ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारच्या सुटीबरोबर दुपारच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीचाही समावेश होता. साप्ताहिक सुटी मान्य होण्यास १० जून १८९० हा दिवस उजाडावा लागला. ग्रामसंस्कृतीने पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवरचे जू उतरविले. मात्र त्याच दिवशी पुरण शिजविणाऱ्या स्त्रीसाठी तसा दिवस नेमला नाही.

मांडणशिल्पाच्या आस्वादात मजुरीचा हिशेब आणणे हे कलाबाह्य होय, असा आक्षेप यावर घेतला जाईल. परंतु हा आक्षेप प्रस्तुत कलाप्रकारासच लागू पडत नाही. जी कृती प्रेक्षकाच्या आडव्या झालेल्या देहावाचून पूर्णच होत नाही, तिच्यासंबंधी ‘हा देह कोणाचा?’ असे विचारणे हा रूपाचाच विचार ठरतो. कलादालनात निजण्याइतकी सवड ज्याला आहे, त्यालाच विश्रांतीचा अर्थ सांगून कृती थांबत असेल, तर ती सुखद असूनही अपुरी होय. आपल्या वाट्याची विश्रांती कोणाच्या जागरणावर उभी आहे, हे त्या निजलेल्या माणसाला अस्वस्थपणे जाणवले, तरच तिचे प्रयोजन सिद्ध होते. अकोस्ता व सोसा यांच्या रचनेचे महत्त्व या दुसऱ्या शक्यतेत आहे.

मराठीच्या अभ्यासकांनी या कृतींपासून घ्यावयाची गोष्ट म्हणजे ही दृष्टी. ग्रामीण व दलित साहित्यातील श्रमचित्रणाची चर्चा आपल्याकडे भरपूर झाली. त्याच संहितांतील विश्रांतीचे चित्रण मात्र क्वचितच तपासले गेले. कथेत कोण बसते, कोणाच्या परवानगीने बसते, कोण निजलेले असताना कोण जागे असते आणि तो खाडा कोणाच्या नावावर मांडला जातो, या प्रश्नांनी परिचित कलाकृतींचेही वाचन बदलेल. मराठवाड्यातील संशोधकाला त्यासाठी परिभाषा उसनी आणण्याचे कारण नाही. ती फडात रोज बोलली जाते.